शब्दचर्चा : रग्बीतल्या ‘रेसिडेन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

मी क्रीडाविषयक मजकुराची भाषांतरं करते. सध्या हातात आंतरराष्ट्रीय रग्बीच्या पात्रता नियमांवरचा लेख आहे आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. लेख लिहिला तेव्हाचा नियम थोडक्यात असा. देशाच्या मुख्य संघातून खेळायचं तर खेळाडूचा जन्म त्या देशातला हवा, नाहीतर आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी एकाचा तरी. यातलं काहीच नसेल तर तो तिथे ठरावीक काळ राहिलेला हवा. ही मुदत वर्षानुवर्षं ३६ महिने होती. मे २०१७ मध्ये क्योटोला झालेल्या बैठकीत वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने ती ६० महिन्यांवर नेली, आणि आधीच जाऊन राहिलेल्यांची अडचण होऊ नये म्हणून अंमलबजावणी पुढे ठेवली.

या ‘रेसिडेन्सी’ला काय लिहू? आधीच्या मसुद्यात ‘निवासी नियम’ होतं. ते वाचलं की मला वसतिगृहातली पाटी दिसते, रात्री दहानंतर दिवे बंद. निवासी शाळा, निवासी डॉक्टर ठीक, पण निवासी नियम म्हणजे तिथे राहणाऱ्यांनी पाळायचे नियम. संपादकांना ‘अधिवास’ हवाय. मला तो खटकतोय, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये.

निवृत्त कारकून

ताई, खटकतंय ते योग्यच आहे. मी तहसील कचेरीत बरीच वर्षं ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रा’चे अर्ज तपासले. आपल्याकडे त्यासाठी साधारण १५ वर्षं राज्यात राहिल्याचं दाखवावं लागतं. माणूस रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल असं सगळं एका टाचणीत लावून आणायचा. त्या कागदांवरून सिद्ध व्हायचं ते वास्तव्य, आणि शेवटी सही-शिक्क्यानिशी हातात पडायचा तो अधिवास. एक पुरावा, दुसरा दर्जा.

रग्बीत दर्जा कुणी देत नाही, फक्त महिने मोजतात. सी. जे. स्टँडर या रग्बीपटूचं बघा. जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज गावचा. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या मन्स्टर संघात आला, तीन वर्षं भरली, फेब्रुवारी २०१६ मध्ये वेल्सविरुद्ध आयर्लंडकडून उतरला. २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि मायदेशी परतला. त्याला आयर्लंडचा ‘अधिवास’ होता असं लिहिलंत तर कायम तिथेच राहायच्या इराद्याने गेला होता असा अर्थ होतो. वास्तव्य मात्र होतंच. माझं मत ‘वास्तव्य’.

लालबागकर

काकांच्या मताला आदर ठेवून थोडा विरोध करतो. ‘वास्तव्य’ तीन रात्रींचंही असतं. जुन्या वाड्यांवर पाट्या असतात ना, अमुक थोर पुरुषांचे येथे वास्तव्य होते, म्हणजे कधी कधी ते एका व्याख्यानापुरते आलेले असतात. वर्ल्ड रग्बीच्या नियमावलीत रेसिडेन्स म्हणजे खेळाडूचं मुख्य आणि कायमचं घर जिथे आहे ती जागा. याला मराठीत सरळ शब्द आहे : राहतं घर.

आता ‘घर’ म्हणजे काय, हे चाकरमान्याला विचारा. माझे वडील ३८ वर्षं लालबागला राहिले. मतदान इथे, रेशन इथे, आम्हा तिघांच्या शाळा इथे. पण गिरणीच्या गेटवर गाववाला भेटला की पहिला प्रश्न, ‘घराक कधी जातलंस?’ घर म्हणजे कणकवलीजवळचं. मुंबईतली ती ‘खोली’, किंवा थोरली माणसं म्हणायची तसं ‘बिऱ्हाड’. मूळ घर एकीकडे आणि चूल दुसरीकडे, ही स्थिती इतक्या नेमकेपणाने सांगणारा शब्द आपल्याकडे आहे आणि आपण तो पार विसरत चाललोय. स्टँडरने मन्स्टरला बिऱ्हाड केलं, याहून बरोबर वाक्य मला सुचत नाही.

मूळ लेखिका

बिऱ्हाड! माझी आजी हाच शब्द वापरायची, ‘आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं तेव्हा’. लेखात एकदा तरी घालणारच. नियमाच्या कलमात मात्र चालणार नाही, कारण त्यात कुटुंब, भांडीकुंडी सगळं येतं, आणि इथे एकटा विशीतला पोरगाही मोजला जातो.

प्रॉप फॉरवर्ड

मी मुंबईत बारा वर्षं रग्बी खेळलो, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही सगळे नामावर भांडताय, खरी मारामारी विशेषणावर होते. ‘सलग’ ६० महिने. हा शब्द गाळू नका, कृपा करून. त्याच कलमाच्या शेजारी दुसरी वाट आहे, ‘एकूण’ १० वर्षं. तिथे तुकडे जोडलेले चालतात. सलग आणि एकूण यांत घोळ झाला तर नियमच उलटा होतो.

स्पेनचं उदाहरण द्या लेखात. २०२३ च्या विश्वचषकासाठी स्पेन मैदानावर पात्र ठरला होता. १९९९ नंतर पहिल्यांदाच, लोक रडत होते. मग दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या एका प्रॉपच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, वास्तव्याचा प्रश्न निघाला. तेव्हा ३६ महिन्यांची अट होती, आणि मधे तो देशाबाहेर नेमका किती होता यावर सगळं आलं. त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झाल्याचं उघड झालं. नेदरलँड्सविरुद्धच्या दोन सामन्यांसाठी पाच-पाच असे १० गुण कापले गेले, स्पेन बाहेर, त्याच्या जागी रोमेनिया विश्वचषकासाठी फ्रान्सला. चार वर्षं चिखलात डोकं घातलेल्या बाकीच्या खेळाडूंचा यात काय दोष होता? मला आजही त्या पोरांचं वाईट वाटतं.

आणि ‘नागरिकत्व मिळाल्यामुळे पात्र’ असं मराठी बातम्यांत येतं, ते साफ चूक. आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे, कारण भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, २००८ पासून सरकारचं धोरणच तसं आहे. पण वर्ल्ड रग्बीच्या त्या नियमात पासपोर्टची अट नाही. क्रिकेटवाल्यांना जोफ्रा आर्चर आठवेल. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, अडलं होतं ते राहण्याच्या वर्षांवर. इंग्लंडने सातची तीन केली म्हणून तो २०१९ मध्ये खेळू शकला.

मूळ लेखिका

‘सलग’ ठळक करते. दादा, ‘कॅप’ला, म्हणजे देशाकडून सामना खेळल्याच्या मानाला, काय म्हणू? मसुद्यात कुणीतरी ‘आयर्लंडने त्याला टोपी घातली’ लिहिलंय.

प्रॉप फॉरवर्ड

अहो, टोपी घातली म्हणजे फसवलं! ‘कॅप’ तशीच ठेवा. मैदानावर आम्ही तेच म्हणतो.

व्याकरणवेडी

कलमाच्या दुसऱ्या भागाबद्दल. ‘आजोळकडून पात्र’ असं एका बातमीत वाचलं. आजोळ म्हणजे आईचं माहेर, तिथे वडिलांचे वडील बसत नाहीत. नियमाला दोन्हीकडचे चालतात. ‘पूर्वज’ही नको, कारण पणजोबा चालत नाहीत. ‘आजी किंवा आजोबा’ इतकंच लिहा, लांब वाटलं तरी.

हे किरकोळ नाही. २००० मध्ये वेल्सकडून खेळणाऱ्या शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सन यांचे आजोबा वेल्समध्ये जन्मलेच नव्हते असं निघालं, आणि केवढा गदारोळ झाला. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या डेव्ह हिल्टनचंही तसंच निघालं. आजोबांच्या नावाने तो ४० च्या वर सामने खेळून बसला होता! पण तो ग्लासगोकडून खेळत राहिला, वास्तव्याची वर्षं भरली आणि २००२ मध्ये स्कॉटलंडच्या जर्सीत परत आला. आजोबांनी न दिलेला देश त्याला राहून मिळाला. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस फार आवडतो.

लालबागकर

मग जपानचा मायकल लीचही हवाच. जन्म न्यूझीलंडचा, आई फिजीची. पंधराव्या वर्षी सप्पोरोच्या शाळेत शिकायला गेला, तो तिथलाच झाला. २०१५ मध्ये ब्रायटनला जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं तेव्हा कर्णधार तोच. जपानी नागरिकत्व घेतल्यापासून नाव तिथल्या रीतीने लिहितो, आडनाव आधी : लीच मायकल. याला आणि कुणी एजंटने हेरून, तीन वर्षांचा हिशेब मांडून आणलेल्या खेळाडूला एकच शब्द लावायचा?

निवृत्त कारकून

लावायचा. अर्ज तपासताना मन बघता येत नाही, तारखा बघता येतात. पण आयर्लंडमध्ये त्या दुसऱ्या प्रकाराला ‘प्रोजेक्ट प्लेअर’ म्हणतात ना? त्याला ‘हेरून आणलेला’ हा शब्द लालबागकरांनीच वर देऊन टाकलाय. वर्ल्ड रग्बीचा तेव्हाचा उपाध्यक्ष अगुस्तिन पिचोत मुदत वाढवायला झटला तो हाच प्रकार थांबवण्यासाठी.

व्याकरणवेडी

एक राहिलं. एकदा एका देशाकडून खेळलं की खेळाडू ‘कॅप्चर’ होतो. ‘पकडला’ नको, ‘बांधला गेला’ बरं. जानेवारी २०२२ पासून ही गाठ एकदा सोडवता येते : तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून लांब राहायचं, आणि दुसरा देश स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जन्माचा हवा. मलाकाय फेकितोआ न्यूझीलंडकडून खेळलेला, पण जन्म टोंगाचा, तो २०२२ मध्ये टोंगाकडून खेळला. नुसतं राहून ही गाठ सुटत नाही, हे वाक्य लेखात स्पष्ट येऊ द्या.

मूळ लेखिका

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. कलम असं पाठवतेय : ‘खेळाडूचे राहते घर सामन्याच्या लगत आधीचे सलग ६० महिने त्या देशात असावे, किंवा त्याचे तेथील एकूण वास्तव्य १० वर्षांचे असावे.’ शीर्षकात ‘वास्तव्याची अट’. बिऱ्हाड स्टँडरच्या परिच्छेदात गेलं, आणि संपादकांनी ते ठेवलं.