मंकच्या थैलीत पाचच नाणी: मुठीने लढणाऱ्या क्लासचे संतुलन कसे साधावे?

शहापूरकर

शहापूरला आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर आणि कल्पनेवर चालणाऱ्या, पात्रे वठवण्याच्या खेळाचा डाव बसतो. दोघे खानापूरहून येतात, एक निपाणीहून बसने येतो, बाकीचे बेळगावातलेच आहेत. खेळ मराठीत चालतो. डावातला एखादा व्यापारी किंवा वेशीवरचा पहारेकरी बोलू लागला की तो मात्र बहुधा कानडीत बोलतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले आहेत. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा पंच, मी असतो, त्यामुळे डावात जे बिघडते त्याची जबाबदारी माझ्याकडेच येते आणि सध्या मला बिघडलेला दिसतो तो मंक हा क्लास, म्हणजे मुठीने लढणाऱ्या संन्याशाचा पात्रप्रकार.

गेल्या रविवारचा प्रसंग सांगतो. ओढ्यावरचा अरुंद पूल, पलीकडून आलेला ट्रोल हा राक्षस आणि आमची सगळी मंडळी पाचव्या लेव्हलवर. आमचा मंक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पाच गोल काढून ठेवतो, कारण त्या लेव्हलला ‘की’ पॉइंट, म्हणजे खास डावांसाठी खर्चायची शक्ती, पाचच मिळतात. एकेक खर्च झाला की तो गोल खोडरबराने पुसतो. पहिल्या फेरीत त्याने दोन्ही वार लागताच दोनदा स्टनिंग स्ट्राइक (बधिर करणारा वार) लावला आणि वर फ्लरीचे दोन जादा ठोसे मारले: तीन गोल गेले. ट्रोलने दोन्ही सेव्ह केले, म्हणजे फासा टाकून परिणाम टाळला, आणि उलट मंकच्या ३८ हिट पॉइंटांपैकी (जीवाच्या गुणांपैकी) २७ काढून घेतले. दुसऱ्या फेरीत आणखी एक फ्लरी, आणखी एक स्टन. या वेळी ट्रोल बधिर झाला, पण पाचही गोल पुसले गेले. तिसऱ्या फेरीत मंककडे काठीचे दोन वार आणि एक ठोसा एवढेच उरले आणि शुद्धीवर आलेल्या ट्रोलने त्याला पुलावरच आडवा केला.

माझी तक्रार अशी आहे की मारणे, वाचणे, पळणे आणि शत्रूला बधिर करणे या चारही गोष्टींचा खर्च मंकला एकाच थैलीतून करावा लागतो, तर फायटरला ढाल उचलायला किंवा तलवार फिरवायला कुणी पैसे मागत नाही. म्हणून तीन बदल सुचवतो. हिट पॉइंटांसाठी आठऐवजी दहा बाजूंचा फासा द्यावा. मुठीचा फासा प्रत्येक टप्प्यावर एक पायरी मोठा करावा. पेशंट डिफेन्स (बचाव) आणि स्टेप ऑफ द विंड (धाव किंवा माघार) हे दोन्ही ‘की’ न खर्चता वापरू द्यावेत. आपली मते कळवावीत.

चिक्कोडीकर

आपल्या तळमळीबद्दल आदर ठेवूनही मला तिन्ही बदल चुकीचे वाटतात आणि त्याचे कारण आकड्यांतच आहे.

पाचव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ असलेला मंक दोन्ही हातांत धरलेल्या काठीचे दोन वार आणि फ्लरीचे दोन ठोसे मारतो. सगळे लागले तर सरासरी ३२ डॅमेज (इजा) होतो. ‘की’ न खर्चता २४.५. त्याच लेव्हलला स्ट्रेंग्थ (बळ) १८ आणि मोठी तलवार घेतलेला फायटर दोन वारांत २२ करतो. त्याने चौथ्या लेव्हलला ग्रेट वेपन मास्टर हे फीट (जादा कौशल्य) घेतले असेल तर स्ट्रेंग्थ १६ राहते आणि दोन वारांत ४० होतात, पण नेमावर पाचचा दंड बसतो. ट्रोलचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ धरून हिशेब केला, तर त्या फायटरची खरी सरासरी १४ च्या आसपास येते आणि मंकची जवळजवळ २१. मग मुठीचा फासा वाढवायचा कशासाठी?

दुसरे म्हणजे, ट्रोल बधिर झाल्यावर आपल्या फायटरला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेण्याची सवलत) मिळाला असणार. त्याने त्याची सरासरी १४ वरून २३ वर जाते. हे जादाचे ९ आपण कोणाच्या खात्यावर मांडले? मंकच्या नाण्याने विकत घेतलेला वार फायटरच्या नावावर जमा झाला की मंक दुबळा दिसणारच.

आणि एक बारकाई. स्टन मंकच्या पुढच्या वेळेच्या, म्हणजे पाळीच्या, शेवटपर्यंत टिकतो आणि बधिर शत्रूला रिअ‍ॅक्शन (मध्येच केलेला उलट वार) घेता येत नाही. म्हणजे तिसऱ्या फेरीत आपला मंक काठीचे वार करून काही न खर्चता ४० फूट मागे जाऊ शकत होता. ट्रोल ३० फूट चालतो आणि त्याचा हात ५ फुटांपर्यंत पोहोचतो. तो मंकला गाठू शकला नसता.

खरा दोष विश्रांतीचा आहे. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ चकमकी आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) गृहीत धरले आहेत, आणि ‘की’ पॉइंट प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर पूर्ण भरून येतात. आपल्या रविवारी किती चकमकी झाल्या?

शहापूरकर

एकच झाली. हे मान्य करायला मला संकोच नाही. निपाणीची बस गाठायची असते म्हणून आमचा डाव चार तासांत आटोपतो आणि त्यात दोनपेक्षा अधिक चकमकी बसत नाहीत. त्यामुळे विझार्ड आपले दिवसभराचे मंत्र एकाच लढाईत उधळतो आणि मंकला मात्र त्याच पाच नाण्यांत भागवावे लागते.

डॅमेजचा आपला हिशेब मी घरी पुन्हा मांडून पाहिला, तो बरोबर आहे. मुठीच्या फाशाचा प्रस्ताव मी मागे घेतो. मात्र मागे जाण्याचा सल्ला त्या प्रसंगी लागू नव्हता, कारण मंकच्या मागे आमची क्लेरिक (जखमा भरणारी पुजारीण) बेशुद्ध पडली होती आणि तो हटला असता तर ट्रोलचा पुढचा पंजा तिच्यावर पडला असता. सोबत्यासाठी जागा न सोडणाऱ्या पात्राला नियमांनी इतके उघडे पाडावे, हे मला पटत नाही. फायटर तिथे उभा असता तर प्लेट चिलखताने त्याचा आर्मर क्लास १८ असता आणि हिट पॉइंट ४४.

तालमीतला गडी

मी रोज पहाटे मातीत उतरणारा माणूस आहे, हा खेळ मात्र वर्षभरापासूनच खेळतो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की मुठीने लढणारा म्हणजे चपळ, सडपातळ, उड्या मारणारा संन्यासी. आपल्या भागात मल्ल म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा कोल्हापूरच्या खासबागेत जो उतरतो, तो पकड घेतो, पट काढतो, ढाक लावतो आणि समोरच्याची पाठ मातीला लावतो. ठोसा हे त्याचे हत्यारच नव्हे.

आता २०१४ च्या नियमांत पकड स्ट्रेंग्थच्या अ‍ॅथलेटिक्सवर चालते. आपल्या मंकची स्ट्रेंग्थ ९ किंवा १० असणार, कारण त्याचे सगळे गुण डेक्स्टेरिटी, विझडम (शहाणपण) आणि कॉन्स्टिट्यूशन (अंगाचा काटकपणा) यांमध्ये संपलेले असतात. अ‍ॅथलेटिक्स शिकलेला असला तरी त्याची बेरीज दोन-तीनच्या वर जात नाही आणि ट्रोल नुसत्या अंगच्या बळावर चार मिळवतो. म्हणजे मल्लविद्येच्या क्लासला मल्लयुद्धच जमत नाही! फायटर मात्र एक वार देऊन पकड घेतो, दुसरा देऊन आडवा पाडतो, आणि पकडलेल्याचा वेग शून्य असल्यामुळे त्याला उठता येत नाही. ही तर सरळ चितपट झाली, आणि ती करतो कोण, तर चिलखत घातलेला माणूस.

संतुलनाविषयीही बोलतो. मैदानात सगळे पैलवान सारखे नसतात, म्हणून कुणी हलक्या गड्याच्या दंडात बळ भरून देत नाही; कुस्ती जोडणारी जाणती माणसे अंगलट आणि तयारी पाहून जोड लावतात. डीएमनेही तेच करावे. ट्रोलसमोर फायटर सोडावा; मंकसमोर मागे लपलेला धनुर्धर किंवा मंत्र पुटपुटणारा मांत्रिक सोडावा, ज्याला गाठायला पाय लागतात आणि बधिर करायला जोर लागत नाही.

चिक्कोडीकर

जोड लावण्याचा दाखला मला अगदी पटला. स्टनचा सेव्ह कॉन्स्टिट्यूशनवर होतो. आपल्या मंकचा स्टन १४ चा आहे, म्हणजे सुटायला फासा आणि अंगचे गुण मिळून १४ गाठावे लागतात. ट्रोलची कॉन्स्टिट्यूशन २० असल्यामुळे तो शंभरातून साठ वेळा सुटतो, तर ओगर हा राक्षस निम्म्या वेळा अडकतो, आणि अंगाने किरकोळ असलेला मांत्रिक त्याहून अधिक वेळा. मंकला ट्रोलपुढे उभे करून तो पडला म्हणणे हा जोड लावणाऱ्याचा दोष आहे.

शहापूरकर

इथे मी ठामपणे विरोध करतो. कुस्तीत ज्यांची जोड लावायची ते दोघे एकमेकांसमोर असतात. आमच्या माडीवर मंक आणि फायटर एकमेकांसमोर नसतात. ते शेजारी बसतात, एकाच ताटातले चुरमुरे खातात आणि एकाच ट्रोलवर धावून जातात. प्रत्येक लढाईत मी मंकसाठी वेगळा मांत्रिक झाडामागे ठेवू लागलो, तर तिसऱ्या रविवारी सगळ्यांच्या लक्षात येईल, आणि ज्याच्यासाठी ठेवला त्यालाच ते सर्वांत आधी लागेल. आपल्याला कुणीतरी सांभाळून घेत आहे, हे कळलेल्या खेळाडूचा चेहरा मी पाहिलेला आहे.

नियमवाचक

या क्लासचा इतिहास थोडा तपासून पाहावा, कारण ही अडचण आपल्या एका डावाची नाही. मंक या खेळात १९७५ च्या ब्लॅकमूर या पुरवणीतून आला. १९७८ च्या पुस्तकात त्याला हिट पॉइंटांसाठी चार बाजूंचा फासा होता, पहिल्या लेव्हलला तेवढे दोन मिळत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून त्याला वगळले आणि २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत तो परतला. तेव्हा त्याच्याकडे वार पुष्कळ होते, पण नेम फायटरपेक्षा हळू वाढायचा, म्हणून त्यातले बरेच हुकत. याच धाटणीच्या पाथफाइंडर या खेळाच्या कर्त्यांनी २०१५ मध्ये त्याला नव्याने घडवले तेव्हा फायटरइतका नेम आणि दहा बाजूंचा फासा असे दोन्ही दिले. ज्या क्लासला निर्माते इतक्या वेळा दुरुस्त करतात, त्याच्या मूळ मांडणीतच काहीतरी ताण आहे असे मानायला हवे.

शहापूरकर जे मागत आहेत त्यातले बरेचसे २०२४ च्या सुधारणेत आलेले आहे. ‘की’ला आता फोकस म्हणतात. स्टेप ऑफ द विंडमधली धाव आणि पेशंट डिफेन्समधले सुरक्षित मागे सरणे यांना आता पॉइंट लागत नाही. डॉज (वार चुकवत राहणे) हवा असेल तरच एक द्यावा लागतो. दुसऱ्या लेव्हलपासून दिवसातून एकदा लढाई सुरू होताना सगळे पॉइंट भरून घेता येतात, म्हणजे आधीच्या चकमकीत थैली रिकामी झाली तरी दुसऱ्या चकमकीत ती भरलेली असते. तिसऱ्या लेव्हलपासून बाणच नव्हे तर जवळून आलेला घावही अडवता येतो: दहा बाजूंचा फासा, डेक्स्टेरिटी आणि लेव्हल मिळून पाचव्या लेव्हलला सरासरी १४.५. ट्रोलचा एक पंजा सरासरी ११ चा असतो, म्हणजे फेरीतला एक पंजा बहुतेक वेळा वाया जातो. आणि तालमीतल्या गड्यांसाठी मुद्दाम सांगतो, की नव्या नियमांत मंकला पकडीसाठी स्ट्रेंग्थऐवजी डेक्स्टेरिटी वापरता येते. आपल्या मंकची पकड १५ ची होईल. ट्रोलला ११ किंवा वर फासा लागेल, नाहीतर तो अडकला, आणि अडकलेल्याला इतरांवर वार करताना दोन फाशांतला लहान घ्यावा लागतो, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. बेशुद्ध क्लेरिकला वाचवायला याहून चांगला डाव कोणता?

पुस्तक विकत घेण्याचीही गरज नाही. हा मूळ नियमसंच २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे आणि त्यात मंक आहे.

चिक्कोडीकर

एक नोंद करतो, नाहीतर चित्र एकांगी होईल. त्याच सुधारणेत स्टनिंग स्ट्राइक आपल्या एका वेळेत एकदाच करता येतो. ड्रॅगनसारख्या शत्रूचे दिवसातले तीन लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह यशस्वी ठरवण्याची मुभा) एकाच फेरीत संपवून टाकणारा जुना मंक त्यात उरत नाही. मला तो मंक प्रिय होता. सेव्ह झाला तरी शत्रूचा वेग निम्मा होतो आणि पुढच्या वाराला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो हे खरे, पण ते सांत्वन आहे, सामर्थ्य नव्हे. फीटमधला तो पाचचा दंड आणि दहाचा लाभही तिथे काढून टाकला आहे, त्यामुळे फायटरशी तुलना सगळी नव्याने करावी लागेल.

खानापूरचा मंक

ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे तो मीच. शहापूरकर दादांना दहा बाजूंचा फासा मागू नका अशी माझी विनंती आहे. ३८ हिट पॉइंटांवर पुलावर उभे राहताना जी धडधड होते, तिच्यासाठीच मी हा क्लास घेतला. मला खुपले ते वेगळेच. पाचवा गोल पुसल्यावर माझी वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझ्यापाशी ठरवण्यासारखे काहीच नव्हते. फासा टाकायचा, बेरीज सांगायची, झाले. विझार्डचे मंत्र संपले तरी त्याच्याकडे कॅन्ट्रिप (न संपणारे छोटे मंत्र) असतात, त्यांतून तो निवड करतो. मलाही रिकाम्या थैलीने काहीतरी निवडता यावे, एवढेच माझे मागणे आहे. धाव, माघार किंवा पकड, यांतले काही एक न खर्चता मिळाले तरी मी समाधानी आहे.

शहापूरकर

मग दहा बाजूंच्या फाशाचा प्रस्तावही मी मागे घेतो. येत्या रविवारी क्लास जुनाच राहील, पण वाटेत दोन शॉर्ट रेस्ट मिळतील आणि पुलाआधी एक लहान चकमक होईल. त्याच्या पुढच्या रविवारी खुल्या नियमसंचातला नवा मंक, तोच पूल, तोच ट्रोल आणि रेस्ट मात्र एकही नाही. दोन्ही वेळा कोणता पॉइंट कशावर गेला, हे मंकने गोलाशेजारी लिहून ठेवावे. स्टनमुळे फायटरला मिळालेले वार मी वेगळ्या रकान्यात मांडीन.

चिक्कोडीकर

मान्य. मात्र दोन्ही रविवारी ट्रोलचे फासे पडद्याआड न टाकता ताटाशेजारी, सगळ्यांसमोर टाकावेत.