कमी ड्युटेरियमचं पाणी यकृताच्या कॅन्सरच्या पेशंटला द्यावं का?

चौकस:
नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरतेय. हे पाणी प्या, यकृतावरचा ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या क्रियाशील कणांमुळे पेशींना होणारी इजा) उतरेल, कॅन्सर आठवड्यात मागे हटेल. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागे साधारण १५० अणू ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे असतात. या बाटलीत म्हणे २५. माझ्या मते हा शुद्ध धंदा आहे. वेगळं वाटत असेल तर पुरावा आणा, 'आमच्या शेजाऱ्यांना गुण आला' नको.

रसायनी:
धंदा आहे म्हणून विज्ञान खोटं ठरत नाही. कार्बन-ड्युटेरियम बंध तुटायला कार्बन-हायड्रोजनपेक्षा जास्त वेळ लागतो. याच गुणावर बेतलेल्या ड्युटेट्राबेनाझिन या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळाली. हंगेरीत गाबोर शोम्याई १९९० च्या दशकापासून या पाण्यावर काम करताहेत. तिथे प्रोस्टेट कॅन्सरच्या ४४ पेशंटवर डबल-ब्लाइंड चाचणीही झालीय, म्हणजे कोणाला कोणतं पाणी मिळतंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं. आणि स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा २०१९ चा पेपर बघा.

चौकस:
बघितला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवरचं काम आहे. त्यात ताण *वाढला* आणि त्या पेशी मार खातात, असा निष्कर्ष आहे. जाहिरात म्हणते ताण उतरतो. एकाच बाटलीतून दोन्ही?

रसायनी:
का नाही? कॅन्सरच्या पेशी आधीच ताणाच्या काठावर असतात, थोडा धक्का पुरतो. निरोगी पेशींकडे ग्लुटाथायोनचा, म्हणजे हा ताण शमवणाऱ्या रसायनाचा, साठा असतो, त्या सावरतात. रेडिएशनही काही अंशी असंच चालतं.

चौकस:
तर्क ठीक. माणसाच्या यकृतात हे दिसलंय का? ४४ जण प्रोस्टेटचे, पेशी फुप्फुसाच्या, आणि बाटली विकायची लिव्हरच्या पेशंटला! यकृतातला ताण येतो हेपॅटायटिस बी-सीमुळे, दारूमुळे, फॅटी लिव्हरमुळे. बीची लस आहे, सीवर गोळ्या आहेत. त्यांच्या जाहिराती कोणी फॉरवर्ड करत नाही.

आकडेमोड:
मध्येच थोडं गणित. शरीरात धरा ४० लिटर पाणी. जेवणातलं आणि अन्न जळून तयार होणारं धरून रोज तीनेक लिटर आत येतं. त्यातलं दीड लिटर २५ चं असेल तर शरीरातली ड्युटेरियमची पातळी दहा लाखांत ८८ च्या आसपास थांबेल. पण तिथे पोचायला महिना-दीड महिना लागेल. तेव्हा 'आठवड्यात' ही थाप. (आपल्या अलिबागजवळ थळला नेमकं उलटं काम चालतं, अणुभट्ट्यांसाठी जड पाणी बनवतात.)

रसायनी:
म्हणजे पातळी उतरते, एवढं तरी मान्य झालं!

वॉर्डसिस्टर:
पातळी सोडा. सिरॉसिसमध्ये (यकृतावर व्रण साठून ते निकामी होत जातं त्यात) पोटात पाणी झालेलं, रक्तातलं सोडियम उतरलेलं, अशा पेशंटला आम्ही पाणी मोजून देतो. औषधाची गोळीसुद्धा दोन घोटांत. आत किती गेलं, लघवी किती झाली, सगळं चार्टवर लिहितो. नातेवाईक उशीखाली बाटली ठेवून जातात आणि सकाळी वजन वाढलेलं दिसतं. 'पाणीच तर आहे' म्हणतात.

रसायनी:
अशा पेशंटला कोणतंच पाणी जास्त देऊ नये, वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की यकृतावर नीट चाचणी व्हावी. साधं पाणी आणि हे, चवीला-रंगाला ओळखू येत नाही. डबल-ब्लाइंडला याहून सोपं काय?

चौकस:
घ्या की चाचणी. पेशंटकडून पैसे न घेता घ्या. तोवर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत कॅन्सर आहे, बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही. स्क्रीनशॉट राज्याच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, पाठवतोय.

रसायनी:
पाठवा. फक्त तक्रारीत जाहिरातीबद्दल लिहा, संशोधनाबद्दल नको.