खर्चाची माहिती "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं महापालिकेचं उत्तर आलंय, आता काय करू?

वॉर्डातला_एक:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतला रस्ता गेल्या वर्षी काँक्रीटचा केला आणि पावसाळा सरायच्या आत त्याला भेगा पडल्या, म्हणून मी आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकला की एकूण खर्च किती झाला, काम निकृष्ट का झालं, जबाबदार कोण, आणि त्याच अर्जात शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग चढतेय तिला परवानगी कशी दिली तेही विचारलं. उत्तर काय, तर खर्चाची माहिती संकलित स्वरूपात नाही, "का" हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि बिल्डिंगची माहिती त्रयस्थ पक्षाची आहे. घरपट्टी आम्ही भरायची आणि हिशोब मागितला की हे! अपील करू की नवीन अर्ज?

जुनी_फाईल:
दोन्ही करा, पण नवीन अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहा. कायद्याने त्यांच्याकडे असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही, त्यामुळे "का" विचारलं की त्यांना आयतीच पळवाट मिळते. कागदाचं नाव घेऊन मागायचं: त्या कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक, काँक्रीटचे टेस्ट रिपोर्ट, अदा केलेली बिलं. यात सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी. इंजिनिअरने जागेवर मोजलेली लांबी, रुंदी, जाडी त्यात तारीख-सहीनिशी असते आणि बिल त्यावरच निघतं. समजा एमबीत जाडी २०० मिमी लिहिलीय आणि तुमच्या रस्त्याच्या तुटलेल्या कडेला टेप लावल्यावर १४० च भरतेय, तर मग "का" विचारायची गरजच उरत नाही. वर्क ऑर्डरमध्ये दोषदायित्व कालावधी पण बघा, तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला पाहिजे.
आणि रस्ता-बिल्डिंग एका अर्जात नको, महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द असं आहे.

नकाशा_वाचक:
बिल्डिंगचं मी सांगते. त्रयस्थ पक्ष म्हटलं की विषय संपला असं अजिबात नाही. कलम ११ प्रमाणे त्यांनी ५ दिवसांत बिल्डरला नोटीस द्यायची, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस, आणि त्यानंतर निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा. बिल्डर नको म्हणाला एवढ्यावर नकार देता येत नाही. उलट कलम ४(१)(ख) मध्ये ज्यांना परवाने, परवानग्या दिल्या त्यांचा तपशील कुणी न मागताच जाहीर करायचा असतो, बजेट आणि झालेला खर्चसुद्धा! हे अपिलात ठळक लिहा. दरम्यान फ्लॅट विक्रीला असतील तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्ट शोधा, मंजूर नकाशे आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायचा दाखला) बऱ्याचदा तिथेच अपलोड केलेलं सापडतं, अर्जाची गरजच पडत नाही.

सोमवार_३_ते_५:
माझं तर म्हणणं आहे आधी फाईल बघायला जा. कलम २(ञ) मध्ये निरीक्षणाचा हक्क आहे, कामाचं निरीक्षण आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा पण आहे, हे कित्येकांना माहीतच नसतं. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. काही ठिकाणी काउंटरवरच्यालाच हे ठाऊक नसतं, म्हणून निर्णयाची प्रिंट सोबत ठेवा. फाईल हातात आली की टिपणीची पानं आधी वाचा, कोणी काय शेरा मारला, कोणी मंजुरी दिली ते तिथे असतं, नुसत्या बिलांवरून ते कळत नाही. हवी ती पानं नोंदवून घ्या आणि तेवढ्याच्याच प्रती मागा, पानाला २ रुपये पडतात. अख्ख्या फाईलचे पैसे भरत बसू नका.

वॉर्डातला_एक:
खूप आभार सगळ्यांचे, एमबी हा शब्दच मला माहीत नव्हता. अपिलाची मुदत किती? उत्तर येऊन तीन आठवडे होतील आता.

जुनी_फाईल:
उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे याच आठवड्यात द्या. त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याच्या नावाने, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तिथेही नाही म्हणाले तर पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, पण तिथे नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून एमबीचा नवीन अर्ज अपिलासोबतच टाकून द्या.