प्रतिसाद: मी पीएनपीएमच्या बाजूनं

जावास्क्रिप्टच्या वेब प्रोजेक्टसाठी "एनपीएम घ्यावं की वेबपॅक" असं एकानं विचारलंय, पण ही दोन वेगळी कामं आहेत. एनपीएम, यार्न, पीएनपीएम हे पॅकेज मॅनेजर: ते लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणून देतात. वेबपॅक, रोलअप, व्हीट हे बंडलर: ते या लायब्ररी आणि आपला कोड ब्राउझरसाठी एकत्र बांधून देतात. बंडलरचं सोपं आहे: नवीन प्रोजेक्टला व्हीट घ्या, जुना वेबपॅकवर नीट चालत असेल तर उगाच हात लावू नका.

पॅकेज मॅनेजरबाबत मात्र माझं ठाम मत पीएनपीएमच्या बाजूनं आहे. डिस्कवरची जागा वाचते हे खरंच, पण मोठा फायदा वेगळाच. एनपीएम जवळपास सगळी पॅकेजेस (म्हणजे या लायब्ररी) नोड_मॉड्यूल्स या फोल्डरच्या वरच्याच पातळीवर पसरतं. त्यामुळे पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, न लिहिलेली लायब्ररीही बिनबोभाट इम्पोर्ट होते, कारण दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजनं ती सोबत आणलेली असते. उद्या त्या पॅकेजनं ती काढून टाकली की आपला बिल्ड पडतो आणि कारण सापडता सापडत नाही. पीएनपीएम अशा इम्पोर्टला पहिल्याच दिवशी एरर देतं.

आणि काहीही वापरा, लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घेतली याची नोंद) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकाच. एनपीएम असेल तर बिल्ड सर्व्हरवर (प्रोजेक्ट आपोआप बांधणाऱ्या मशीनवर) 'एनपीएम इन्स्टॉल' या कमांडऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. ते लॉकफाइल बदलत नाही, पॅकेज.जेसनशी मेळ बसला नाही तर तिथंच थांबतं.