‘गादी सरकली’ जबड्यालाही चालेल का?

किनारेकर: गुहागरकडच्या दंतशिबिरासाठी माहितीपत्रक करतोय. विषय: जबड्याच्या सांध्याचे आजार आणि त्यांचे एमआरआय, सीबीसीटी (हाडं दाखवणारा त्रिमितीय एक्सरे) संगणकाकडून तपासून घेणं. ‘डिस्क डिस्प्लेसमेंट विथ रिडक्शन’चं कुणीतरी ‘घटयुक्त चकती-विस्थापन’ केलंय. शिबिरात हे कोण वाचणार? ‘सेगमेंटेशन’लाही शब्द हवाय.

सुरंगी: सांध्याला ‘जबड्याचा सांधा’ पुरे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, हलतो तो, असं लिहा. ‘हनुसंधी’ शुद्ध आहे, पण लोकांना मारुती आठवेल. (तेही चूक नाही म्हणा, त्याच्या नावात जबडाच आहे.) म्हातारी माणसं अजून ‘दाभाड’ म्हणतात. ‘दातखीळ’ मात्र नको, ती धनुर्वाताची वाटते.

खाडीपलीकडे: इथल्या ‘रिडक्शन’चा घट होण्याशी संबंध नाही. निखळलेलं हाड बसवतात ना, तोच अर्थ: परत जागेवर येणं. खालच्या जबड्याचं टोक आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये कूर्चेसारखी चिवट गादी असते. ती पुढे सरकते, तोंड उघडताना परत टोकावर बसते, तेव्हा ‘कट्’ वाजतं. हे विथ रिडक्शन. विदाउट म्हणजे ती पुढेच राहते, आवाज बहुधा बंद होतो आणि तोंड अडकू शकतं. एरवी साधारण ४० मिमी, म्हणजे तीन बोटं मावतील इतकं उघडतं. म्हणून सरळ लिहा: ‘गादी सरकते, पण तोंड उघडताना जागेवर येते’ आणि ‘गादी सरकून पुढेच राहते’. ‘चकती’ पंपाची वाटते.

सुरंगी: ‘गादी सरकली’ म्हटलं की माणूस मणक्याच्या ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचतो! खाली एक ओळ टाकाच: नुसतं वाजतं, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर सहसा उपचार लागत नाही. काहीच तक्रार नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी सापडते.

खाडीपलीकडे: ‘सेगमेंटेशन’ला ‘विभागणी’ नको, कोकणात लगेच सातबारा डोळ्यांपुढे येतो. मला ‘आखणी’ बरा वाटतो. तज्ज्ञांनी हाताने आखलेल्या प्रतिमांवरून प्रोग्रॅम शिकतो आणि नव्या प्रतिमेत गादीची, हाडाच्या टोकाची कड स्वतः आखतो. तोंड मिटलेलं आणि उघडलेलं, दोन्ही एमआरआय लागतात. गादी परत आली की नाही हे त्यावरूनच ठरतं. सीबीसीटीत गादी दिसत नाही, तिथे हाडाची झीज, चपटेपणा, वाढलेली टोकं बघायची. मसुद्यात दोन्हींची सरमिसळ झाली असेल तर आधी ती निस्तरा.

किनारेकर: झालीय! शीर्षकही ‘संगणक करणार निदान’ असं आहे.

सुरंगी: ते बदला. ‘निदान’ म्हणजे मुळात कारण शोधणं. प्रोग्रॅम प्रतिमेत काय दिसतं ते सांगतो. दुखतं कुठे, रात्री दात खाता का, हे त्याला कोण सांगणार? जबड्याच्या सांध्याच्या आजारांसाठीच्या २०१४च्या डीसी/टीएमडी या निदान-निकषांतही विचारपूस आणि हाताने तपासणी आधी आहे, गादीच्या खात्रीसाठी एमआरआय. ‘निदानाला संगणकाची मदत’ लिहा.

किनारेकर: घेतलं. आणि ‘प्रतिमा’ ठेवू की ‘फोटो’?

खाडीपलीकडे: ‘फोटो’. एक्सरेलाही लोक फोटोच म्हणतात.