पॉल स्कोफिल्ड यांनी चित्रपटांपासून दूर राहून पुढच्या पिढ्यांचे नुकसान केले का?

नेपथ्य :
इंग्लिश रंगभूमीचा विषय निघाला की ऑलिव्हिए आणि गिलगुड या नटांची नावे आपल्याकडे सहज घेतली जातात. त्याच तोलाचे नट पॉल स्कोफिल्ड (१९२२–२००८) मात्र फार थोड्यांना आठवतात. याला बऱ्याच अंशी ते स्वतःच कारणीभूत आहेत, असे माझे मत आहे. ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) या चित्रपटातील सोळाव्या शतकातील इंग्लिश मुत्सद्दी सर टॉमस मोर यांच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले, पण ते घ्यायलासुद्धा ते गेले नाहीत. त्यानंतर पडद्यावरचा मार्ग मोकळा असताना त्यांनी रंगभूमी आणि ससेक्समधील बाल्कम गावचे घर यांतच समाधान मानले. १९७९ मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘अमेडियस’ नाटकात मोझार्टचा मत्सर करणारा संगीतकार सालिएरी प्रथम उभा केला तो त्यांनी. जग ओळखते तो मात्र १९८४ च्या चित्रपटातील एफ. मरे एब्रहॅम यांचा सालिएरी. इतक्या मोठ्या नटावर, त्याच्या काळात जन्मालाही न आलेल्या प्रेक्षकाचा काहीच हक्क नसतो का?

तिसरी घंटा :
आपल्या मताशी मी सहमत नाही. ज्या भूमिकेचा आपण दाखला देता, ती रंगभूमीवरच घडली. ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे मूळ रॉबर्ट बोल्ट यांचे नाटक; त्यात स्कोफिल्ड १९६० मध्ये लंडनला आणि पुढे न्यूयॉर्कला मोर करत होते. १९६२ चे टोनी हे अमेरिकन रंगभूमीचे पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. चित्रपटाच्या वेळी स्टुडिओला अधिक नावाजलेला नट हवा होता, तरी दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांनी स्कोफिल्ड यांचाच आग्रह धरला. राजा आठव्या हेन्रीच्या दुसऱ्या विवाहाविषयी चकार शब्द न काढणे हाच मोर यांचा कायदेशीर बचाव असल्याने या भूमिकेत बोलण्याइतकेच न बोलणेही अभिनयाचे काम करते. खटल्याच्या प्रसंगात तो संयम पाहताना, रोज रात्री जिवंत प्रेक्षकांसमोर एकेक विराम तपासून पाहिलेला नट आपल्यापुढे आहे, हे मला क्षणोक्षणी जाणवते. चित्रपटांच्या मागे लागलेल्या नटाला ही सवड कोठून मिळणार?

लिअरचेही तसेच आहे. दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९६२ मध्ये शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ बसवले, तेव्हा स्कोफिल्ड अवघे चाळीस वर्षांचे होते. प्रेक्षकाची दया मागणारा हळवा वृद्ध त्यांनी रंगवला नाही; त्यांचा लिअर इतका ताठर आणि हुकूमशहा होता की त्याच्या दांडगट सरदारांविषयी त्याच्या थोरल्या मुलीची, गॉनरिलची, तक्रार रास्त वाटावी. २००४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी शेक्सपिअरच्या भूमिकांतील सर्वश्रेष्ठ काम म्हणून या लिअरची निवड केली. चार दशकांनंतरही सहव्यावसायिकांच्या मनात टिकलेल्या कामाला आपण नुकसान म्हणता?

नेपथ्य :
आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्याच लिअरचा ब्रुक यांनी डेन्मार्कमधील जटलंडच्या थंडीत कृष्णधवल चित्रपट केला, तो १९७१ मध्ये आला. समीक्षकांत त्यावर तीव्र मतभेद झाले, हे मान्य. पण त्या कोरड्या, कठोर चेहऱ्याची ओळख मला त्यामुळेच झाली. ब्रुक यांनीच दिग्दर्शित केलेला त्यांचा हॅम्लेट १९५५ मध्ये मॉस्कोपर्यंत गेला होता. तो चित्रपट म्हणून आपल्यापर्यंत आला नाही. सहव्यावसायिकांच्या स्मृतीवर माझे समाधान होत नाही.

पडद्यासमोर :
‘दूर राहिले’ हे दोघांनीही गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही. ‘द ट्रेन’मधील (१९६४) चित्रांच्या वेडापायी माणसांचा बळी देणारा जर्मन कर्नल पाहा. ‘क्विझ शो’मध्ये (१९९४) मुलाने दूरचित्रवाणीवर केलेली लबाडी कळल्यावर त्या विद्वान पित्याची उडालेली गाळण पाहा. भूमिका दुय्यम, तरी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. ‘द क्रूसिबल’मधील (१९९६) न्यायाधीशही विसरता येत नाही. निवड त्यांची स्वतःची होती, एवढेच. सर ही पदवी त्यांनी नाकारली आणि २००१ मध्ये कम्पॅनियन ऑफ ऑनर हा सन्मान स्वीकारला, त्यातही हीच स्वतंत्र वृत्ती दिसते.

तिसरी घंटा :
शिवाय ऐंशीव्या वर्षी, २००२ मध्ये, त्यांनी लिअर पुन्हा केला, तोही केवळ ध्वनिमुद्रणासाठी. नेपथ्य, तो आपण ऐकावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

नेपथ्य :
अवश्य ऐकेन. सालिएरीविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.