आईबाप गेलेलं मूल: नातेवाइकांकडे की बालगृहात?

ओसरी: काल इथे एकाने लिहिलं, "पोरक्या मुलाला नातेवाइकांच्या गळ्यात मारू नका. सरळ बालगृहात द्या, दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी पक्की." ते वाचून झोप उडाली, म्हणून लिहितेय.

एप्रिल 2021 मध्ये माझी बहीण आणि मेहुणे कोविडने बारा दिवसांच्या अंतराने गेले. भाचा सात वर्षांचा. आमच्याकडे आला तेव्हा दप्तर आणि आईची एक ओढणी, एवढंच घेऊन आला. पहिले चार महिने माझ्या आईच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. ती पाणी प्यायला उठली की हाही उठून बसायचा. पंचवीस पोरांच्या खोलीत कोणती काळजीवाहिका असं झोपणार? 2015 चा बाल न्याय कायदासुद्धा संस्था हा शेवटचा पर्याय मानतो. आजी-आजोबा, मामा, मावशी जिवंत असताना मूल तिकडे का पाठवायचं?

भुईनळा: तुमच्या भाच्याचं नशीब चांगलं, ताई. माझं नव्हतं. काकाकडे वाढलो. पहाटे चारला गोठ्यात, मग डेअरीला दूध, मग शाळा. चुलत भावांना दुधाचा पेला, मला कोरा चहा. आठवीत शाळा सुटली. आमच्याच गावचा बालगृहात वाढलेला मित्र आयटीआय करून आज फिटर आहे. संस्थेत निदान तपासणी होते. काकाच्या घरात कोण आलं होतं तपासायला? आणि आता कोविडने आईबाप गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याची 5 लाखांची ठेव आहे, केंद्राचे 10 लाख आहेत. माया फुटायला कारण आहे.

ओसरी: हे शब्द मागे घ्या. केंद्राचे पैसे त्याला, त्याच्याच हातात, 23 व्या वर्षी मिळणार आहेत. तोवर त्याच्या तापात रात्र रात्र जागणारी माझी आई 68 वर्षांची आहे.

भुईनळा: तुमच्या आईबद्दल बोललो नाही. तेवढे शब्द मागे. पण माझ्या काकाने बापाची दीड एकर विकली, ती कुणाच्या मायेपोटी?

निवृत्त_तलाठी: विकलीच कशी? सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, वारसाच्या नावाबरोबर "अ.पा.क." (अज्ञान पालक कर्ता) म्हणून पालकाचं नाव लागतं. काका कायद्याने नैसर्गिक पालक नाहीच. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने त्याला अज्ञानाची जमीन विकता येत नाही. सख्ख्या आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते.

भुईनळा: तुमचा कायदा तुमच्या चावडीत. जमीन एकत्र कुटुंबाची, काका कर्ता, खरेदीखतात "कुटुंबाच्या गरजेसाठी". गरज म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न. नोटीस आली असेल तर ती त्याच्याच घरी. मी अकरा वर्षांचा होतो, साहेब.

निवृत्त_तलाठी: एकत्र कुटुंबाचं असेल तर कर्त्याला ती वाट आहे, हे खरं. गरज नव्हती हे कोर्टात मांडता आलं असतं, पण अकरा वर्षांच्या मुलाने कुणाला गाठायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पस्तीस वर्षं फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी, लिहिले. त्यातल्या किती अज्ञानांना नंतर बांध मिळाला, ते मी कधी विचारलं नाही.

ओसरी: धागा मुलांचा आहे, जमिनीचा नाही.

भुईनळा: जमीन हाच मुलाचा प्रश्न आहे. पोटाला गोठ्यात राबवलं आणि अठराव्या वर्षी हात रिकामे.

सांजवात: मी गृहभेटी करते, म्हणून बोलते. दोघांचंही खरं आहे आणि दोघंही एक गोष्ट सोडताय. भुईनळांचं मूलपण कोणत्याच कागदावर नव्हतं. मूल बालकल्याण समितीपुढे (निराधार मुलांचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) नेलं, राज्याच्या बाल संगोपन योजनेत (घरात वाढणाऱ्या अशा मुलांना दरमहा मदत) नाव घातलं, की कुणीतरी घरी जातं. मी गेले की आधी मुलाचं अंथरूण कुठे आहे ते बघते, मग तळहात. महिन्याचे 425 चे 1100 आणि मग 2250 झाले, पण त्या पैशापेक्षा ती भेट मोठी. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुलंही मी पाहिली आहेत. दिवाळीला जायला घर नसतं. आणि नातेवाइकांचं म्हणाल, तर जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने कोविडने आईबाप गेलेल्या अहमदाबादच्या एका मुलाचा ताबा आजी-आजोबांना दिला. वय आणि उत्पन्न पाहून हायकोर्टाने तो मावशीला दिला होता.

भुईनळा: भेट देणारं कुणी असेल, तर नातेवाईक चालतील. एवढंच म्हणेन. त्याशिवाय नाही.

निवृत्त_तलाठी: ओसरीताई, मेहुण्यांची शेती आहे? वारसनोंद झाली का?

ओसरी: पाऊण एकर आहे. त्यांचे भाऊ कसतात. नोंद नाही केली. मागायला गेले तर नातं तुटेल असं वाटत राहिलं.

निवृत्त_तलाठी: दोघांचे मृत्यूचे दाखले आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन याच आठवड्यात अर्ज द्या. पोच घ्या. फेरफार मंजूर झाला की उतारा काढून नाव स्वतः वाचा.

भुईनळा: पोरालाही बरोबर न्या, ताई. त्याचा बांध त्याला दाखवा. मला कुणी दाखवला नव्हता.